नाटक संपल्यावरचा पाऊण तास

परळच्या एका हौशी नाट्यगटानं मला लांबलचक पत्र पाठवलंय. त्यातला प्रश्न थोडक्यात असा: रवांडात १९९४ साली झालेल्या वंशसंहारावर एक दीर्घांक बसवायचा आहे आणि प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा ठेवायची आहे. पण गटातच दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, खटले चालले, शिक्षा झाल्या, आता नाटकानं कुणाला कसला न्याय मिळणार? काहींना वाटतं, मुंबईत बसून ते दुःख मांडणारे आपण कोण? आणि चर्चा इथल्या राजकारणावर घसरून भांडणं होतील ही धास्ती सगळ्यांनाच आहे. तर करावं की करू नये?

करा. हिंसेच्या आठवणींवर नाटकं बसवणं आणि त्यानंतरच्या बैठका चालवणं हे काम मी या शहरात पंचवीसेक वर्षं करते आहे. त्या अनुभवावरून एकच अट घालते: नाटकाची जेवढी तालीम कराल तेवढीच नंतरच्या चर्चेची करा. ते जमणार नसेल तर विषय दुसरा घ्या. या विषयात अर्धवट तयारीनं गेलं की जिवंत माणसं दुखावली जातात.

आधी न्यायाबद्दल, कारण तुमचं पहिलं भांडण तिथेच अडकलंय.

एप्रिल १९९४ पासून साधारण शंभर दिवसांत रवांडात किती माणसं मारली गेली? संयुक्त राष्ट्रांचा अंदाज सुमारे आठ लाखांचा आहे, तिथलं सरकार दहा लाखांहून अधिक सांगतं. मारणारे बहुसंख्याक हुतू समाजातले कट्टरपंथी. मेलेल्यांत बहुतेक अल्पसंख्याक तुत्सी समाजाचे होते, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूही मारले गेले. खटल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियात अरुशा इथे न्यायाधिकरण नेमलं. ते २०१५ पर्यंत चाललं आणि त्यानं ९३ जणांवर आरोप ठेवले. त्यातला तुमच्या उपयोगाचा खटला ताबा गावचा महापौर झां-पॉल अकायेसू याचा. २ सप्टेंबर १९९८ ला तो दोषी ठरला. वंशसंहाराच्या गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं कुणाला दोषी ठरवण्याची ती पहिली वेळ. बलात्कार हेसुद्धा वंशसंहाराचं साधन असू शकतं, हेही त्याच निकालात पहिल्यांदा मानलं गेलं.

पण मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोप नव्हताच. एक साक्षीदार बाई वेगळ्याच मुद्द्यावर साक्ष देत होत्या आणि बोलता बोलता त्यांनी आपल्या लहान मुलीवर झालेल्या अत्याचाराचा उल्लेख केला. त्या खंडपीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या नवी पिल्ले. हा उल्लेख तसाच कागदावर उतरून पुढे सरकला असता. तसं झालं नाही, न्यायाधीशांनी पुढचे प्रश्न विचारले. मग आणखी बायका बोलल्या, आणि १९९७ मध्ये खटला सुरू असतानाच आरोपपत्र बदललं.

ही हकिगत मी प्रत्येक नव्या गटाला सांगते. कायद्याची एवढी मोठी व्याख्या हलली ती कुणीतरी ऐकता ऐकता थांबून ‘मग काय झालं?’ असं विचारल्यामुळे. तुमच्या नाटकातून कुणाला शिक्षा होणार नाही, ते कामही त्याचं नाही. पण समाजात असं विचारू शकणारी माणसं तयार करणं हे काम नाटक आणि चर्चा मिळून करू शकतात. माझ्या लेखी न्यायाचा हा अर्धा भाग आहे, आणि तो न्यायालयाच्या इमारतीत पुरा होत नाही.

रवांडानंही तो गावात नेऊन बघितला. गचाचा नावाची लोकन्यायालयं २००५ पासून देशभर बसू लागली आणि २०१२ मध्ये बंद झाली. गचाचा म्हणजे गवत. गावानं गवतावर बसायचं, गावातूनच निवडलेले पंच समोर, आणि आरोपी, वाचलेले, शेजारीपाजारी सगळे तिथेच. सुमारे बारा हजार न्यायालयांनी वीस लाखांच्या आसपास प्रकरणं हाताळली. आपल्याकडच्या पारावरच्या पंचायतीची आठवण होते, पण तुलना फार ताणू नका. गचाचामुळे कित्येकांना आपल्या माणसाला कुठे पुरलं ते कळलं. दुसरीकडे, वाचलेल्या बायकांना सगळ्या गावासमोर तेच पुन्हा उगाळावं लागलं, साक्षीदारांना धमक्या आल्या, आणि विजयी बाजूच्या, म्हणजे कत्तल थांबवून सत्तेवर आलेल्या तुत्सी बंडखोरांच्या, सैनिकांनी केलेल्या हत्या त्या न्यायालयांच्या कक्षेबाहेरच राहिल्या. नाटकात गचाचाचं दृश्य घेणार असाल तर या दोन्ही गोष्टी त्यात असू द्या. नुसता क्षमेचा सोहळा दाखवलात तर ते खोटं होईल.

‘कलेनं न्याय कसा मिळणार’ म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना कंबोडियाचं एक उदाहरण सांगा. ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, १९७५ ते १९७९, तिथे अनेक जोडप्यांची लग्नं वरून आलेल्या हुकमानं, घाऊक लावली गेली. ओळख नाही, घरचं कुणी नाही, विधी नाही. ख्मेर, म्हणजे कंबोडियन, लग्नात सुपारीचा फुलोरा लागतो. या लग्नांत तो नव्हता. आपल्याकडे ‘सुपारी फुटली’ म्हटलं की लग्न ठरलं हे सांगावं लागत नाही, त्यामुळे सुपारीविना लग्न म्हणजे काय ते मराठी माणसाला पटकन कळावं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं नॉम पेन्हमध्ये विशेष न्यायालय बसलं, तेव्हा ही सक्तीची लग्नंसुद्धा खटल्यात आली. त्या न्यायालयाला पैशाची भरपाई द्यायचा अधिकार नव्हता, फक्त सामूहिक आणि नैतिक भरपाई देता येत होती. अशा लग्नांतून गेलेल्या माणसांच्या हकिगती गोळा करून सोफिलीन चीम शापिरो यांनी एक शास्त्रीय नृत्यनाट्य बसवलं, २०१७ मध्ये ते रंगमंचावर आलं, आणि न्यायालयानं भरपाईचा भाग म्हणून त्याला मान्यता दिली. नाव सुपारीच्या फुलावरूनच ठेवलंय. ख्मेर रूजनं ज्या दरबारी नृत्यपरंपरेतले बहुतेक कलावंत संपवले, त्याच परंपरेत त्यांच्या गुन्ह्याची नोंद झाली. मला स्वतःला याहून नेमकी भरपाई सुचत नाही.

कधी कधी कला न्यायालयाच्या कितीतरी आधी पोचते. वान नाथ हे चित्रकार ख्मेर रूजच्या एस-२१ या तुरुंगातून वाचलेल्या मोजक्या कैद्यांपैकी एक. ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याची चित्रं काढायला उपयोगी म्हणून त्यांना जिवंत ठेवलं होतं. सुटल्यावर त्यांनी तिथे पाहिलेलं-ऐकलेलं रंगवलं, आणि ती चित्रं त्याच इमारतीतल्या संग्रहालयात लागली. ‘डुच’ या टोपणनावाच्या तुरुंगप्रमुखाविरुद्ध न्यायालयात उभं राहायला त्यांना २००९ उजाडावं लागलं. दरम्यान रिथी पान्ह यांच्या २००३ च्या माहितीपटात ते जुन्या पहारेकऱ्यांसमोर बसलेले दिसतात. आवाज न चढवता, आपलंच चित्र दाखवत ते एकेक गोष्ट विचारत जातात. तुमच्यापैकी जो चर्चा चालवणार आहे त्यानं ते प्रसंग जरूर बघावेत.

आता ‘आपण कोण?’ हा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, तो सोडू नका. बोस्नियातल्या स्रेब्रेनिट्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांच्या आठवणीसाठी आयदा शेहोविच या कलावती २००६ पासून दरवर्षी वेगळ्या शहराच्या चौकात बोस्नियन कॉफीचे छोटे कप मांडत. येणारे-जाणारे लोक त्यात कॉफी ओतत आणि ती कुणी पीत नसे. जो परत आलाच नाही त्याची कॉफी. २०२० मध्ये स्रेब्रेनिट्साजवळच्या पोतोचारीत ते शेवटचं झालं, कप होते ८,३७२. इथल्या एका गटाला हे फार आवडलं आणि त्यांनी शिवाजी पार्कला कटिंगचे ग्लास मांडायचं ठरवलं. मी नको म्हटलं. ते कप बोस्नियन घरांतून आले होते, त्यामागे तिथल्या बायकांची रोजची सवय होती, नवऱ्याबरोबर कॉफी घेण्याची. आपण ग्लास मांडले असते तर ती निव्वळ सजावट झाली असती. दुसऱ्याचं दुःख मांडताना त्याची प्रतिमा उसनी घेऊ नये, पद्धत शिकावी. इथे पद्धत कोणती? रस्त्यावरच्या माणसाला हातानं करण्याजोगं एक छोटं काम द्यायचं, म्हणजे तो नुसता बघत उभा राहत नाही.

म्हणून रवांडाची माणसं व्हायचा प्रयत्न करू नका. चेहरे रंगवणं, परके उच्चार काढणं हे तर अजिबात नको. मुंबईची माणसं म्हणूनच उभे राहा आणि ‘आम्ही हे वाचलं, आम्हाला झोप लागली नाही’ असं सांगून सुरू करा. आपल्या परंपरेत याला जागा आहे. आंबेडकरी जलशात शाहीर गाता गाता थांबून लोकांशी बोलतो, गाडगेबाबांच्या कीर्तनात तर समोरच्या गर्दीला प्रश्न विचारून तिच्याकडूनच उत्तर काढून घेतलं जाई. प्रेक्षकांशी संवाद ही बाहेरून आणायची गोष्ट नाही, ती आपल्या हाताशीच आहे.

कत्तल रंगमंचावर दाखवू नका. हे मी चूक करून शिकले आहे. सुरुवातीच्या काळात एका महाविद्यालयातल्या प्रयोगात मी ढोल, लाल दिवे, किंकाळ्या असं सगळं वापरलं होतं. दुसऱ्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ मध्येच उठले. दाराची कडी त्यांच्या हातात येईना इतका हात थरथरत होता. बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलावं हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. नंतरच्या चर्चेत दोन वक्त्यांनी चाळीस मिनिटं पक्षीय भांडण केलं आणि विद्यार्थी उठून गेले. त्या गृहस्थांनी काय पाहिलं होतं ते मला कधीच कळलं नाही. आता आमच्या प्रत्येक प्रयोगाआधी काय दाखवणार ते सांगितलं जातं, दार उघडं असतं, आणि दाराशी आमचं एक माणूस फक्त बाहेर येणाऱ्यासाठी बसलेलं असतं, पाणी घेऊन.

मग दाखवायचं काय? कत्तलीच्या आधीचं. रेडिओ दाखवा. आरटीएलएम हे रवांडातलं रेडिओ केंद्र जुलै १९९३ मध्ये सुरू झालं. त्यावर चांगली गाणी लागत, निवेदक गप्पा मारल्यासारखं बोलत, थट्टामस्करी करत. तरुण पोरं आवडीनं ऐकायची. त्याच थट्टेत तुत्सींना झुरळ म्हणणं रुळलं. पुढे त्याच आवाजात माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर वाचले जाऊ लागले. तुमच्या दीर्घांकाची पहिली दहा मिनिटं चार मित्र रेडिओभोवती बसलेत आणि हसताहेत, एवढीच असू द्या. प्रेक्षकांनाही हसू येऊ द्या. आपण कशाला हसलो ते त्यांना विसाव्या मिनिटाला कळेल. या केंद्राच्या दोन कर्त्यांना आणि एका वृत्तपत्राच्या संपादकाला अरुशाच्या न्यायाधिकरणानं २००३ मध्ये दोषी ठरवलं, हे चर्चेच्या वेळी सांगा, नाटकात कोंबू नका.

रेडिओचा दुसरा अंकही आहे, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. २००४ पासून रवांडात ‘मुसेकेवेया’ नावाची नभोनाट्यमालिका सुरू झाली. दोन शेजारी गावांतलं वैर, त्यात अडकलेलं प्रेम, चिथावणी देणारा पुढारी आणि त्याला नाही म्हणणारे लोक. लोक ती गटानं बसून ऐकत. एलिझाबेथ लेव्ही पलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तिचा वर्षभराचा अभ्यास केला. काही गटांना ही मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची. मालिकेनं लोकांच्या मनातली मतं फारशी बदलली नाहीत. मात्र आपल्या समाजात कसं वागणं योग्य समजलं जातं याची त्यांची समजूत बदलली, आणि वागणंही. वर्षाअखेरीस प्रत्येक गावाला भेट म्हणून एक रेडिओ आणि ध्वनिफिती दिल्या. तो ठेवायचा कुणी? आरोग्य ऐकलेल्या गटांत सहसा ‘अधिकाऱ्याकडे द्या’ म्हणून विषय मिटला. मुसेकेवेया ऐकलेल्या गटांत लोक जास्त बोलले, एकमेकांना खोडून काढलं, आणि सगळ्यांनी मिळून सांभाळायचं ठरवण्याकडे त्यांचा कल राहिला.

या निष्कर्षानं माझी कामाची पद्धत बदलली. पूर्वी मी चर्चेच्या शेवटी विचारायची, ‘तुमचं मत बदललं का?’ आता विचारत नाही. चारचौघांत असहमती दाखवता येते, तरीही खुर्ची मोडत नाही, एवढं पाऊण तासात लोकांनी अनुभवलं तरी मला पुरतं.

तो पाऊण तास कसा चालवायचा? पडदा पडल्यावर लगेच माईक फिरवू नका. पाच मिनिटं शांतता, मग शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी दोघांनीच बोलायचं, दहा मिनिटं. पहिला प्रश्न मताचा नको, पाहिलेल्या गोष्टीचा हवा: कोणता क्षण डोळ्यांसमोर राहिला? ‘मला वाटतं’ नंतर येऊ द्या. प्रमुख पाहुणे बोलवू नका, मंचावर खुर्च्या मांडू नका. आणि तालमीत तुमच्यातल्याच एकाला भांडखोर प्रेक्षक करा, दुसऱ्याला रडणारा, तिसऱ्याला ‘हे सगळं खोटं आहे, आकडे फुगवलेत’ म्हणणारा. त्या तिसऱ्यासाठी तयारी जास्त लागते. वंशसंहार नाकारणारे लोक सगळीकडे भेटतात. त्यांच्याशी आवाज चढवून काही होत नाही, तारीख, निकाल, ठिकाण तोंडपाठ लागतं.

इथल्या राजकारणावर चर्चा घसरेल म्हणता, तर ती इथे येणारच. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगली या शहरानं पाहिल्यात. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यू नोंदवलेत. प्रेक्षकांत ते आठवणारी माणसं असणार. त्या वेळी शब्द मात्र जपून वापरा. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहार म्हणजे राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाला, त्या गटाचा म्हणून, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं केलेलं कृत्य. प्रत्येक दंगल त्यात बसत नाही, आणि ते मान्य केल्यानं दंगलीत मेलेल्याचं मरण हलकं होत नाही. भारतानं तो करार १९५९ मध्ये स्वीकारला, पण आपल्या देशांतर्गत कायद्यात हा गुन्हा आजही स्वतंत्रपणे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं १९८४ च्या शीखविरोधी हत्यांच्या एका निकालात या उणिवेवर बोट ठेवलंय. चर्चेत कुणी वकील आला तर त्याला यावर दहा मिनिटं जरूर द्या.

आता पहिल्या तालमीबद्दल. संहिता नेऊ नका, कोरे कागद न्या. रवांडात बेल्जियन राजवटीनं १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापायला सुरुवात केली, आणि साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड बघून माणसं वेगळी काढली गेली. हे सांगून झालं की प्रत्येकाला आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरचा नावांचा फलक आठवून लिहायला सांगा. मजला, खोली, आडनाव. मग विचारा, यातल्या किती नावांवरून माणूस कोण ते तुम्हाला कळतं? आपल्याकडे वेगळं कार्ड लागत नाही हे कागद हातात असतानाच पोरांच्या लक्षात येतं.

दादरला मंडईच्या बाजूच्या एका सभागृहात आम्ही हा खेळ घेतला होता. खिडकीतून भाजीवाल्यांचा ओरडा येत होता. साठीच्या एका बाई, मांडीवर कापडी पिशवी, फार मन लावून लिहीत होत्या. त्यांच्या कागदावर अकरा नावं होती आणि दुसऱ्या मजल्यापाशी एक ओळ कोरी.

‘ही का सोडलीत?’ मी विचारलं.

‘तिथली पट्टी काढलेली. त्र्याण्णवच्या जानेवारीत.’

‘कुणी काढली?’

‘त्यांनीच. रात्री. स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडूनच नेला होता.’

खोलीतलं कुजबुजणं थांबलं. माझ्या शेजारच्या मुलानं हळूच विचारलं, ‘मग, काकू?’

‘मग काय. सकाळी उंबऱ्याशी ठेवलेला होता, कागदात गुंडाळून. ती माणसं गेलेली.’ त्यांनी पेन्सिल त्या कोऱ्या ओळीवर टेकवली, पण लिहिलं नाही. ‘मी विचारलंच नव्हतं, कशाला हवाय म्हणून. माहीत होतं ना मला.’